अकरावी रेघ

खरं सांगायचं तर मार्चमधल्या त्या बैठकीत वित्स्केला कुणी वाईट बोललं नव्हतं. बोलले असते तर बरं झालं असतं. तिनेही चार शब्द सुनावले असते, दोन दिवस तोंड फुगवलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. पण ते नुसते हसले.

आजूबाजूच्या तीन गावांतले सहा डॉक्टर दर तीन महिन्यांनी औषधांच्या दुकानामागच्या खोलीत जमायचे. संध्याकाळी साडेपाचला. वाटाण्याचं दाट सूप, राईचा काळा पाव आणि भिंतीवर तक्ता. तक्त्यात सहा उभ्या पट्ट्या: कोणत्या डॉक्टरने किती पेशंट शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवले. पट्ट्यांवर नावं नसायची, नुसती अक्षरं, म्हणजे कुणाला लाज वाटायला नको. आता सहा माणसांत कुठली पट्टी कुणाची हे न कळायला सगळे काय दूधखुळे होते? 'क' ही पट्टी बाकीच्या पाचांच्या डोक्यावरून पार वर गेली होती, आणि पाचही जण सूप ढवळत वित्स्केकडे न बघण्याची शिकस्त करत होते.

"इस्पितळाच्या दारात एक बाक टाकू या," शूर्ड म्हणाला. "वर पाटी लावू, 'वित्स्केची माणसं'. उभं राहून पाय दुखत असतील बिचाऱ्यांचे."

सगळे हसले, वित्स्केही हसली. न हसून करते काय. शूर्ड तिच्याच दवाखान्यातला थोरला डॉक्टर, तीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेला. गावातली निम्मी माणसं त्याच्या हातांत जन्मलेली आणि उरलेल्या निम्म्यांच्या बापांचे डोळे त्याने मिटलेले. त्याची पट्टी सगळ्यांत बुटकी. त्याने कधी कुणाला तिची बढाई सांगितली नाही. सांगायची गरजच नव्हती.

गंमत अशी की दोनच वर्षांपूर्वी रॉटरडॅमला हीच वित्स्के सगळ्यांत कमी पेशंट पाठवायची. तिथे दवाखान्यासमोर रस्ता ओलांडला की इस्पितळ. जरा शंका आली की बाकीचे लगेच चिठ्ठी देत. तिथला वरिष्ठ तिला म्हणायचा, "तू फार निवांत आहेस बाई, एक दिवस अंगाशी येईल." मग ती नवऱ्याच्या नोकरीपायी फ्रीसलँडमधल्या या गावात आली. इथून इस्पितळ पाऊण तासावर. इथली माणसं ताप आला तरी आधी गोठा आवरायची आणि मग डॉक्टरकडे यायची, तेही "तुमचा वेळ घेतला, माफ करा" म्हणत. इथे डॉक्टरांचं ठरलेलं वाक्य होतं: बघू या जरा. बाई तीच, हात तेच, शिकलेली पुस्तकंही तीच. रॉटरडॅमला ती निवांत होती आणि इथे येऊन घाबरट ठरली.

त्या संध्याकाळपासून तिला एक खोड जडली. टेबलावरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर ती रेघा ओढू लागली. एक पेशंट पाठवला की एक रेघ. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला दाखवतही नव्हती. एप्रिलमध्ये एकोणीस, मेमध्ये चौदा. मे संपला तेव्हा तिला चक्क बरं वाटलं, वजन कमी झाल्यावर वाटतं तसं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी आठ वीसला रिमके आल्ग्रा तिच्यासमोर येऊन बसली.

रिमके गावच्या पुलावरची राखणदार. वय चोपन्न, खांदे पुरुषासारखे, घर पुलाच्या पायथ्याशीच. कालव्यातून उंच शिडाची नाव आली की ती घंटा द्यायची, रस्त्यावरचे दांडे पाडायची आणि मोठं लोखंडी चाक फिरवून पूल उचलायची. नाव गेली की पुन्हा खाली. उन्हाळ्यात दिवसाला वीस-पंचवीस वेळा. दवाखाना पुलापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे घंटा वित्स्केच्या खोलीत रोज ऐकू यायची. इतकी रोज, की तिला ती ऐकू येईनाशी झाली होती.

"तुमचा वेळ घेते," रिमके म्हणाली. "पाठीत भरल्यासारखं झालंय. इथे, मधोमध. आणि जबड्यातही काहीतरी. दाताचं असेल."

"कधीपासून?"

"सोमवारपासून. येतं नि जातं. चाक जड झालंय हो. तेल द्या म्हणून महिनाभर सांगतेय, पण ऑफिसातल्यांना कुठे चाक फिरवायचंय."

"दम लागतो?"

"मी चोपन्नची आहे, डॉक्टर. दम लागणारच."

वित्स्केने रक्तदाब पाहिला. थोडा जास्त. ईसीजी काढला. कागद स्वच्छ निघाला. तिला पक्कं माहीत होतं की अशा वेळी स्वच्छ कागदावर विसंबायचं नसतं. रक्त तपासायला हवं, आणि ती तपासणी इस्पितळातच. बायकांचं हृदय छातीत दुखून सांगतंच असं नाही, पाठीत सांगतं, जबड्यात सांगतं. हे तिने परीक्षेत लिहिलं होतं, शिकाऊ डॉक्टरांना शिकवलंही होतं. तिचा हात चिठ्ठी लिहायला कळफलकावर गेलासुद्धा.

आणि तिची नजर कॅलेंडरकडे गेली. जूनच्या दहा रेघा होत्या. महिना संपायला पाच दिवस उरले होते.

एवढंच झालं. मनात काही वाक्य उमटलं नाही, हिशेब झाला नाही. नजर गेली आणि हात थांबला.

"बघू या जरा," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून इतके सहज आले की जणू ती इथेच जन्मली होती. "सोमवारी परत या. वेदनेच्या गोळ्या घ्या, जड काम करू नका. त्रास वाढला तर लगेच फोन करा."

"जड काम करू नको म्हणता, मग पूल काय फुंकर मारून उचलू?" रिमके हसली, उठली, दाराशी गेल्यावर पुन्हा म्हणाली, "वेळ घेतला तुमचा."

नऊला पुलाची घंटा वाजली, आणि कित्येक महिन्यांनी वित्स्केला ती ऐकू आली.

पुढचा पेशंट कानाचा होता. त्याच्या कानात बघताना तिच्या मनात आलं, रिमकेचे हात गार होते का? रक्तदाबाचा पट्टा बांधताना दंडाला हात लागला होता. ओलसर होता का? की आपल्याच हाताला घाम होता? ती कानाचं काय ते बोलली, पेशंट गेला, आणि तिला आठवेना आपण त्याला थेंब दिले की नाही.

सव्वादहाला सगळे कॉफीला जमले. वित्स्केने विषय सहज काढल्यासारखा काढला.

"रिमके ना?" शूर्ड म्हणाला. "तिचा तो खांदा मी सडपातळ होतो तेव्हापासून दुखतोय. ईसीजी ठीक आहे?"

"स्वच्छ आहे."

"मग झालं तर. पाठवलीस तर तिकडे दोन दिवस ठेवतील, बारा ठिकाणी टोचतील आणि त्याच गोळ्या देऊन परत धाडतील. इकडे पूल बंद. आणि ती आयुष्यभर तुला ऐकवेल." त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "पोरी, तू आता छान रुळलीयस इथे. मला बरं वाटतं बघ."

तिला खरंच हायसं वाटलं. दहा मिनिटं टिकलं ते. एवढा जाणता माणूस म्हणतोय तर असेल तसं, असं ती स्वतःला बजावत राहिली. पण जाणत्या माणसाने रिमकेचा दंड हातात धरला नव्हता, आणि त्याला जबड्याचं तिने सांगितलंच नव्हतं. का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तो कदाचित म्हणाला असता, "अगं मग पाठव." तेच तिला ऐकायचं नव्हतं.

त्यानंतर तिने सकाळभर दुसरं काही केलं नाही, फक्त घंटा मोजल्या. पेशंट येत होते, ती बोलत होती, लिहीत होती, पण कान खिडकीबाहेर. दहा चाळीस, घंटा. म्हणजे रिमके उभी आहे. अकरा पाच, घंटा. चाक फिरतंय. साडेअकरा, अकरा पन्नास. दर घंटेला जीव भांड्यात पडायचा, आणि ती विरली की पुन्हा टांगणीला. चाक फिरू नये असंही वाटे, आणि घंटा थांबू नये असंही. बारा ते एक पूल बंद असतो हे ती विसरली आणि सव्वाबाराला हातातला पाव तसाच टाकून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"काय झालं?" फोनवर बसणाऱ्या औक्येने विचारलं. औक्ये इथली वीस वर्षं जुनी. कुठल्या पेशंटला खरंच किती दुखतंय हे तिला आवाजावरून कळायचं.

"काही नाही. रिमकेचा फोन आला होता?"

"नाही. ती कशाला करेल? ती सकाळी आली हेच नवल. मला वाटतं दहा वर्षांत पहिल्यांदा."

पहिल्यांदा. शूर्ड म्हणाला होता, तिचा खांदा जुनाच आहे. पण त्या जुन्या खांद्यासाठी ती दहा वर्षांत एकदाही आली नव्हती. आज आली, पूल उघडायच्या आधी, आठ वीसला, माफी मागत. वित्स्केने रिमकेच्या घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. जेवायला बाहेर बसली असेल, तिने स्वतःला सांगितलं. ऊन छान आहे.

एकला घंटा झाली. एक वीसला झाली. दोनला पाच कमी असताना झाली. मग नाही.

दोन दहा. दोन वीस. समोर एक म्हातारा पायाचा अंगठा दाखवत बसला होता, त्याचं नख बोटात रुतलं होतं.

"आज वारा पडलाय," वित्स्के म्हणाली. "नावा नसतील."

"आहेत की," म्हातारा म्हणाला. "मी आत्ता तिकडूनच आलो. सहा-सात थांबल्यात. गाड्याही थांबल्यात, दांडे पाडून ठेवलेत. रिमकेचं आज काय चाललंय कुणास ठाऊक."

त्याच वेळी कालव्यावरून एका नावेचा भोंगा वाजला, लांबलचक, वैतागलेला.

वित्स्के उठली. "मी आले," एवढं तरी ती म्हणाली की नाही, तिला नंतर कधी आठवलं नाही. तातडीची बॅग उचलली, मागच्या दारातून सायकल काढली. तीनशे मीटर अंतर. त्या तीनशे मीटरमध्ये तिने देवाला मानत नसतानाही त्याच्याशी बरंच काही ठरवलं.

पुलाच्या दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या. दांडे खाली, पूल वीतभर उचललेला आणि तसाच अडकलेला. रिमके उलट्या बादलीवर बसली होती, एक हात चाकावर. तोंडाला राखेचा रंग चढला होता आणि केस कपाळाला चिकटले होते.

"दोन मिनिटं, डॉक्टर," ती म्हणाली. आवाज कुठूनतरी खोलातून आला. "तो निळा नाववाला कधीचा थांबलाय. तेवढा काढते."

"रिमकेबाई, हात सोडा चाकाचा."

"तुम्ही म्हणालात ना, बघू या म्हणून. मी बघतच होते."

वित्स्केने तिचा हात चाकावरून काढला. गार होता, चिंब ओला. तिने गोळी चावायला दिली, जिभेखाली फवारा मारला, फोनवर रुग्णवाहिका मागवली, आणि बोलताना स्वतःचाच आवाज तिला परका वाटला, फार शांत. निळ्या नावेवरचा माणूस उडी मारून वर आला. त्याने चाक फिरवून पूल बसवला, दांडे उचलले आणि गाडीवाल्यांना ओरडून बाजूला घ्यायला लावलं. रुग्णवाहिकेला चौदा मिनिटं लागली. चौदा मिनिटं वित्स्के त्या रस्त्यावर गुडघे टेकून रिमकेची नाडी धरून बसली होती. दोनदा ती नाडी बोटाखालून निसटली आणि दोनदा परत आली.

रिमके वाचली. हृदयाचा एक भाग मात्र मेला, तो परत येणार नव्हता. जिना चढताना मधे थांबावं लागायचं, मग चाकाचं नावच नको. पूल आता शहरातल्या एका खोलीत बसलेला कुणीतरी पडद्यावर बघून उचलतो. घंटाही आपोआप वाजते.

ऑगस्टमध्ये रिमकेने वित्स्केला कॉफीला बोलावलं. गुलाबी साखरेचा थर दिलेला केक मुद्दाम आणवला होता. शिवाय बिस्किटांचा डबा. या गावात एक बिस्किट दिलं की डब्याचं झाकण लागतं; पाहुणा कुणी का असेना. त्या दिवशी रिमकेने डबा उघडाच ठेवला.

"असा डॉक्टर कुठे मिळतो," ती म्हणाली. "बोलावलं नसताना सायकल मारत आलात. माझी बहीण तर सगळ्या गावाला सांगत सुटलीय."

वित्स्केने केक खाल्ला. बोलायला तोंड उघडलं, आणि म्हणाली, "छान झालाय केक."

मग सप्टेंबरची बैठक आली. पुन्हा तीच खोली, तीच सहा अक्षरं. एप्रिल ते जूनचा तक्ता. 'क' पट्टी खाली आली होती. चांगली खाली, खालून तिसऱ्या नंबरवर. वित्स्के त्या पट्टीकडे बघत राहिली. यात रिमके कुठे आहे? मग तिच्या लक्षात आलं. रस्त्यावरून रुग्णवाहिका मागवली तर दवाखान्याची चिठ्ठी नसते, आणि चिठ्ठी नाही तर मोजणी नाही. रिमके त्या तक्त्यात नव्हतीच.

"अभिनंदन," शूर्ड मनापासून म्हणाला आणि त्याने तिच्या पाठीवर थाप मारली. "आली बाई माणसांत. मी आलो तेव्हा माझीही पट्टी अशीच होती, ठाऊक आहे? जुने डॉक्टर मला वर्षभर हसत होते."

"मग खाली कशी आणलीस?"

"आणली कुठे, आली आपोआप. हळूहळू उमगत गेलं."

"काय उमगलं, शूर्ड? पेशंट की ते हसणं?"

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला हशा पिकला. शेजारच्या गावात निवृत्त झालेल्या डॉक्टरच्या जागी नवी डॉक्टर आली होती, यिल्दौ नावाची, पहिल्या तिमाहीतच तिची पट्टी उंच गेली होती, आणि कुणीतरी बाकाचा जुना विनोद तिच्यावर खपवला होता. यिल्दौ कसनुसं हसत होती. वित्स्केच्या लक्षात आलं की आपलेही ओठ ताणले गेलेत. आपणही हसलो.

तिला इतकी लाज वाटली की तिने सूपचा वाडगा खाली ठेवला.

"यिल्दौ," ती टेबलावरून म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आमच्यासाठी ती पट्टी खाली आणू नकोस. मी आणली. या तक्त्यात जूनची एक बाई नाहीये, रिमके आल्ग्रा. तिचं अर्धं हृदय घालवून मी तिसरा नंबर काढलाय."

औषधांच्या दुकानाच्या मालकाने भिंतीवरचा तक्ता उतरवून गुंडाळला. शूर्ड सूपकडे बघत होता आणि पहिल्यांदाच म्हातारा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी ती रिमकेकडे गेली. न बोलावता. रिमकेने कॉफी ओतली, डबा पुढे केला, वित्स्केने एक बिस्किट घेतलं आणि न खाता बशीत ठेवलं.

"त्या गुरुवारी मी तुम्हाला पाठवायला हवं होतं," ती म्हणाली. "मला कळत होतं. चिठ्ठी लिहायला घेतली होती. पण मी किती माणसं पाठवते ते मोजलं जातं, आणि माझा आकडा मोठा होता, आणि मला त्याची लाज वाटत होती. मी कॅलेंडरवर रेघा ओढत होते. रेघांकडे बघितलं आणि लिहिलं नाही."

रिमके खिडकीबाहेर बघत होती. बाहेर घंटा वाजली, दांडे आपोआप खाली आले, पूल आपोआप उचलला गेला. एक पांढरी नाव खालून गेली. पूल पुरता बसल्यावर तिने मान वळवली.

"मी कितवी होते?"

"अकरावी. तुमची रेघ मी ओढलीच नाही."

"अकरावी," रिमके म्हणाली. तिने स्वतःच्या उजव्या तळव्याकडे पाहिलं, जिथे चाकाचे घट्टे अजून होते. "मी नावा मोजायचे. पण नाव लहान म्हणून कुणाला थांबवून नाही ठेवलं."

वित्स्केला रडू आलं. तिने ते आवरलं, कारण रडून पुन्हा हिच्याकडूनच समजूत काढून घ्यायची, एवढा निर्लज्जपणा तिला झेपला नसता.

"माझ्यानंतर कुणी आलं होतं?" रिमकेने विचारलं. "माझ्यासारखं, धड नाही धड आहे असं?"

"आला होता एकजण. जुलैत."

"त्याचं काय केलंत?"

"पाठवला. काही निघालं नाही. दोन दिवस ठेवून परत धाडला. चिडला होता माझ्यावर."

"चिडू दे," रिमके म्हणाली. "पाठवत जा." आणि तिने डब्याचं झाकण लावलं.